कार्टरटनची जॉर्जिना

वेलिंग्टनहून रेमुताकाचा घाट ओलांडून पलीकडे उतरलं की वायरारापाचं खोरं सुरू होतं. मेंढरं, दुभत्या गाई, हिरवी कुरणं आणि वाऱ्याला अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा. कार्टरटन हे त्याच खोऱ्यातलं गाव, राजधानीपासून ऐंशीएक किलोमीटरवर. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, आणि वसंतात डॅफोडिल फुलले की त्यांचा उत्सव. आसपासचे शेतकरी बहुतेक नॅशनल पक्षाचे, म्हणजे उजव्या बाजूचे. न्यूझीलंडमधल्या शहरी माणसाला 'जुन्या वळणाचं' म्हणून एखादं गाव दाखवायचं झालं तर तो अशाच गावाकडे बोट दाखवेल.

१९९५ मध्ये या गावाने जॉर्जिना बायरला मेयर म्हणून निवडून दिलं. माओरी वंशाची, नाइटक्लबात गायलेली-नाचलेली, पोटासाठी देहविक्रय केलेली आणि जन्मनोंदीत 'मुलगा' अशी नोंद असलेली बाई. पद मेयरचं असलं तरी आपल्या मापाने ते नगराध्यक्षाएवढं. सगळ्या तालुक्याची वस्ती तेव्हा सात हजारांच्या आगेमागे. पण उघडपणे पारलिंगी असलेली व्यक्ती लोकांच्या मतांनी मेयर होण्याची जगातली ही पहिलीच वेळ मानली जाते. त्यामुळे कुठकुठले पत्रकार घाट ओलांडून कार्टरटनला आले. बहुतेकांना जाणून घ्यायचं होतं ते तिच्या शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, आधीच्या नावाबद्दल. मला त्यापेक्षा त्या गावाबद्दल कुतूहल वाटतं. मतं तर गावाने दिली होती, आणि ती फसवून घेतलेली नव्हती. बाईचा भूतकाळ सगळ्या गावाला ठाऊक होता.

जॉर्जिनाचा जन्म नोव्हेंबर १९५७ चा, वेलिंग्टनमधला. आईवडील लवकर वेगळे झाले आणि सुरुवातीची काही वर्षं तारानाकीत आजी-आजोबांच्या शेतावर गेली. पुढे आईने वकिली करणाऱ्या बायर नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं. आडनाव तिथून आलं. मग वेलिंग्टनजवळची मुलांची निवासी शाळा. ते लग्नही मोडलं, आई ऑकलंडकडे गेली, शाळा बदलली. घरच्यांना कळत होतं की हे मूल मुलींसारखं वागतं, आणि ते त्यांना खपत नव्हतं. नटण्याची हौस मात्र नाटकात चालून जायची. सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली ती नट होण्यासाठी.

सत्तरच्या दशकातल्या वेलिंग्टनमध्ये अशा मुलांना जायला एकच रस्ता होता, व्हिव्हियन स्ट्रीट. तिथे कार्मेन रुपेचं राज्य होतं. कार्मेनही माओरी, पारलिंगी. तिचं कॉफी हाउस रात्रभर गजबजलेलं असायचं आणि तिथे कोण कोण येऊन जायचं याच्या गोष्टी शहरभर पसरलेल्या. १९७५ मध्ये कार्मेन टीव्हीवर बोलून गेली की काही खासदार समलिंगी किंवा उभयलिंगी आहेत. त्यासाठी तिला संसदेच्या विशेषाधिकार समितीपुढे उभं राहावं लागलं. १९७७ मध्ये तीच कार्मेन वेलिंग्टनच्या मेयरपदाला उभी राहिली. समलिंगी विवाह आणि कायदेशीर कुंटणखाने ही तिच्या प्रचारातली कलमं. लोकांना गंमत वाटली, ती पडली. त्या गमतीतल्या बऱ्याच गोष्टी पुढच्या चाळीस वर्षांत न्यूझीलंडच्या कायद्यात आल्या.

जॉर्जिना त्या गल्लीत गायली, नाचली आणि धंद्यालाही उभी राहिली. तिने हे कधी लपवलं नाही आणि त्याला शोभिवंतही केलं नाही. सिडनीत असताना चार पुरुषांनी तिच्यावर बलात्कार केला. पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. धंदा करणारी, त्यात पारलिंगी, तिचं कोण ऐकणार? ती पुढे सांगायची की त्या रात्रीनंतर एक तर मरायचं किंवा हे सगळं बदलायचं असं तिच्या मनाने घेतलं. १९८४ मध्ये तिने लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच सुमारास पीटर वेल्स या दिग्दर्शकाने 'ज्युएल्स डार्ल' या टीव्हीपटात तिला घेतलं. कथा दोन जिवलगांची आणि त्यातली एक पारलिंगी. या भूमिकेसाठी १९८७ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. यादीत नाव अभिनेत्रींमध्ये आलं, हे तिच्या दृष्टीने किती मोठं असेल!

नव्वदच्या आसपास ती कार्टरटनला आली, तेव्हा यातलं काही पोटाला पुरणारं नव्हतं. ती सरकारी भत्त्यावर होती. १९९१ मध्ये नॅशनल सरकारने बेकारांचे, एकट्या आयांचे, आजाऱ्यांचे भत्ते कापले. कार्टरटनसारख्या गावात असे कापलेले वीस-तीस डॉलर किराण्याच्या दुकानात लगेच दिसतात. जॉर्जिना गावच्या सामाजिक केंद्रात काम करू लागली, बेकार पोरांना नाटक शिकवू लागली, आणि केंद्रासाठी मदत मागायला कौन्सिलच्या दारात जाऊ लागली. पुढारीपण तिथून आलं. लिंगभावाचा झेंडा घेऊन ती राजकारणात उतरली नव्हती, भत्ता कापला गेला म्हणून उतरली होती.

आणि ती रेडिओवर बोलू लागली. खोऱ्यातल्या छोट्या स्टेशनवर निवेदिका म्हणून. अशा गावरेडिओला मोठा कार्यक्रम लागत नाही. आज पाऊस आहे का, कुठे काय विकायला आहे, कोणाच्या शाळेची जत्रा कधी, मध्ये चार गाणी. पण तो गोठ्यात लागलेला असतो, ट्रॅक्टरवर लागलेला असतो, न्हाव्याच्या दुकानात लागलेला असतो. रोज सकाळी बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला घरातला वाटायला लागतो, मग तो कसा का दिसेना.

रेडिओवर चेहरा दिसत नाही म्हणून तिला सोपं गेलं, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेने बाकी पुष्कळ बदलतं, पण एकदा फुटलेला आवाज बदलत नाही. पारलिंगी बायकांना बसमध्ये, बँकेत, फोनवर सगळ्यात जास्त धास्ती असते ती तोंड उघडण्याची. जॉर्जिनाचा आवाज खर्जातला, भरदार, किंचित घोगरा. लपवायचं असतं तर तिने कॅमेऱ्यापुढे उभं राहून तोंड बंद ठेवलं असतं. तिने उलट केलं. जो आवाज ऐकून लोक मान वळवून बघतात तोच तिने रोज गावाच्या कानावर घातला. लोकांना तो आधी विचित्र वाटला असेल, पुढे ओळखीचा झाला.

१९९३ मध्ये पोटनिवडणुकीतून ती कौन्सिलवर गेली. दोन वर्षांत मेयर. १९९८ मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा जवळजवळ ९० टक्के मतं तिला पडली. अशा मतांना कौतुकाची किंवा दयेची मतं म्हणता येत नाही. पाणी, रस्ते, सांडपाणी आणि कौन्सिलच्या जमाखर्चाचा ताळेबंद याच्यावर गाव मत देतं. बाहेरच्या वार्ताहरांना मात्र सांडपाण्यात रस नव्हता. जगातली पहिली असण्याचा मान तिला शेवटपर्यंत मिरवावा लागला, आणि त्याच्या आड तिचं अर्धं काम झाकलं गेलं.

प्रतिस्पर्ध्यांची एक अडचण होती. एरवी अशा उमेदवाराविरुद्ध एखादं जुनं छायाचित्र, एखादी कुजबूज पुरते. इथे बाईच माइकवर सगळं सांगून मोकळी झालेली. वर स्वतःवर विनोद करायलाही तयार. संसदेतल्या पहिल्या भाषणात तिने आपल्या लिंगबदलावर घोड्याघोडीचा एक चावट विनोद केला आणि मग सभागृहाला कामाच्या गोष्टींकडे नेलं. उघडं पाडायला काही उरलंच नव्हतं.

१९९९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाने तिला वायरारापातून उभं केलं. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून मतदाराला दोन मतं असतात, एक पक्षाला आणि एक मतदारसंघातल्या उमेदवाराला. पक्षाच्या यादीतून संसदेत जाणं पक्षाच्या मर्जीवर असतं. मतदारसंघातून जायचं तर दारोदार हिंडावं लागतं. जॉर्जिना मतदारसंघातून गेली. जागा नॅशनलची, समोर नॅशनलचा उमेदवार पॉल हेन्री. तोही रेडिओवाला, आणि त्याच खोऱ्यात रेडिओ चालवलेला. म्हणजे वायरारापाला दोन ओळखीच्या आवाजांतून एक निवडायचा होता. ३,०३३ मतांनी जॉर्जिना आली. या पॉल हेन्रीला आपल्याकडचे काही वाचक ओळखतील. दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी टीव्हीवर शीला दीक्षित यांच्या आडनावावरून खिदळणारा तो हाच. भारताने तेव्हा न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला होता.

त्याच काळात आपल्याकडे मध्य प्रदेशात कटनीला कमला जान ही तृतीयपंथी उमेदवार महापौर झाली. पद महिलांसाठी राखीव होतं, आणि ती कायद्याने बाई नाही म्हणून पुढे न्यायालयात निवडणूक रद्द झाली. महाराष्ट्रात हाच प्रश्न जानेवारी २०२१ मध्ये आला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिला राखीव जागेवरून भरला म्हणून फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. न्यूझीलंडमध्ये महिलांसाठी राखीव जागाच नाहीत. जॉर्जिनाच्या उमेदवारीला कुणी कागदावरून हरकत घ्यायला वावच नव्हता. गावाच्या मनाचा मोठेपणा मोजताना ही सोय विसरू नये.

संसदेतली तिची सगळ्यात मोठी संध्याकाळ २५ जून २००३ ची. टिम बार्नेट या मजूर खासदाराचं वेश्याव्यवसाय सुधारणा विधेयक तिसऱ्या वाचनाला आलं होतं. तोवरचा कायदा असा विचित्र, की शरीर विकणं गुन्हा नव्हता, पण त्यासाठी गिऱ्हाईक हटकणं, कुंटणखाना चालवणं आणि त्या कमाईवर जगणं हे गुन्हे. गिऱ्हाईक मोकळं आणि गुन्हेगार बाई. मतदान सद्सद्विवेकाचं होतं, पक्षादेश नव्हता, त्यामुळे कोण कुठे जाईल याचा नेम नव्हता. प्रेक्षकांच्या सज्जात वर्षानुवर्षं या कायद्यासाठी झगडलेल्या बायका बसलेल्या. जॉर्जिना उठली आणि सभागृहाला सांगितलं की या सदनात हा धंदा केलेली मी एकटीच आहे, निदान माझ्या माहितीप्रमाणे. सिडनीतली ती रात्र तिने सांगितली. तेव्हा माझ्या पाठीशी कायदा असता तर मला पोलिसांकडे जाता आलं असतं, असं ती म्हणाली. गळा दाटला, पण भाषण तुटलं नाही.

मतं पडली ६० विरुद्ध ५९. एक खासदार तटस्थ राहिले, अश्रफ चौधरी, न्यूझीलंडच्या संसदेतले पहिले मुस्लिम सदस्य. त्यांनी विरोधात मत दिलं असतं तर बरोबरी झाली असती आणि विधेयक पडलं असतं. समाजाची बोलणी त्यांना पुढे खूप खावी लागली. जॉर्जिनाचं भाषण ऐकून तीन खासदारांनी मत बदललं असं म्हणतात. तसं असेल तर तो कायदा तिचा होता, असं म्हणायला हरकत नाही.

कायद्याने वयाची अट १८ वर्षांची घातली, कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा हक्क बाईला लेखी दिला, आणि चारपर्यंत बायका एकत्र, कुणी मालक न ठेवता, काम करत असतील तर परवान्याची गरज ठेवली नाही. उणीवही राहिली. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी बायकांना हा व्यवसाय करायची मुभा नाही, आणि मारहाण झाली तरी हद्दपारीच्या भीतीने त्या पोलिसांकडे जात नाहीत. जिथे जॉर्जिना सिडनीत उभी होती तिथेच त्या आज उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियात तीही बाहेरून आलेलीच होती.

२००४ हे वर्ष तिला सगळ्यात जड गेलं. ऑगस्टमध्ये डेस्टिनी चर्चचे अनुयायी काळे शर्ट घालून, मुठी उगारत संसदेवर चालून आले. निमित्त नागरी बंधनाच्या विधेयकाचं, म्हणजे समलिंगी जोडप्यांना लग्नासारखी कायदेशीर मान्यता देण्याचं. बाकीचे खासदार आत होते. जॉर्जिना पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर गेली आणि तुमचा द्वेष मला दिसतोय, असं तिने तोंडावर सुनावलं. त्या गर्दीत पुष्कळ माओरी चेहरे होते. तिला खरी सल ती असणार. डिसेंबरमध्ये विधेयक ६५ विरुद्ध ५५ ने मंजूर झालं.

त्याआधीच, नोव्हेंबरात, किनारा आणि समुद्रतळाचा कायदा आला. आदल्या वर्षी अपील न्यायालयाने म्हटलं होतं की माओरी जमातींना किनाऱ्यावरचा आपला पारंपरिक हक्क न्यायालयापुढे मांडता येईल. गोऱ्या मतदारांत घबराट पसरली, समुद्रकिनारे जाणार म्हणून. पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्या मजूर सरकारने किनारा थेट सरकारच्या मालकीचा करणारा कायदा आणला. मे महिन्यात माओरींचा प्रचंड मोर्चा वेलिंग्टनवर येऊन धडकला होता. तारियाना तुरिया या मंत्रीणबाईंनी पक्ष सोडला. जॉर्जिनाला तटस्थ राहायचं होतं. पक्षाने तेवढीही सवलत दिली नाही. तिचा मतदारसंघ गोऱ्या शेतकऱ्यांचा, तिचं रक्त माओरी, आणि सद्सद्विवेकाचं मतदान या वेळी नव्हतं. तिने कायद्याच्या बाजूने मत दिलं. त्याचा पश्चात्ताप तिला पुढे होत राहिला. मला यात तिचा बचाव करावासा वाटत नाही. तुरिया यांच्यासारखं तिलाही उठून जाता आलं असतं. पण ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा पगाराची, मानाची जागा मिळाली होती तिला ते तुरियांइतकं सोपं नव्हतं, हेही खरं. तो कायदा २०११ मध्ये रद्द झाला.

नंतर तिचं मन राजकारणात लागलं नाही. २००५ मध्ये पक्षाने आग्रह करून यादीतून परत आणलं; मतदारसंघ तिने सोडला होता. फेब्रुवारी २००७ मध्ये राजीनामा देऊन ती बाहेर पडली. खासदारकी सोडलेल्या माणसाला आपल्याकडे महामंडळं मिळतात, तिकडे संचालकपदं. जॉर्जिनाला काम मिळेना. अर्ज करत राहिली, हाताला काही लागलं नाही, आणि हे तिने नेहमीच्या सवयीने उघडपणे सांगितलं. जगभरच्या परिषदा तिला भाषणाला बोलवायच्या. घरी मात्र भाड्याची चिंता. २०१३ मध्ये मूत्रपिंडं निकामी झाली. चार वर्षं डायलिसिस, मग २०१७ मध्ये एका मित्राने आपलं मूत्रपिंड दिलं. डायलिसिस सुरू असतानाच, २०१४ मध्ये, ती माना पक्षाकडून दक्षिणेकडच्या माओरी मतदारसंघात उभी राहिली आणि पडली. त्या निवडणुकीत पक्षाने एका कोट्यधीश इंटरनेटवाल्याशी हातमिळवणी केली होती. उमेदवार असूनही तिने त्याच्यावर जाहीर टीका केली. पक्षाची शिस्त तिला एकदाच बाधली होती, पुन्हा बाधली नाही.

२०१८ मध्ये ऑक्सफर्ड युनियनमध्ये तिचं भाषण झालं. २०२० मध्ये राणीच्या सन्मानयादीत तिचं नाव आलं. ६ मार्च २०२३ ला, वयाच्या ६५ व्या वर्षी, वेलिंग्टनमधल्या एका हॉस्पिसमध्ये ती वारली. तिच्यावरचा 'जॉर्जी गर्ल' हा माहितीपट ॲनी गोल्डसन आणि तिचा जुना दिग्दर्शक पीटर वेल्स यांनी या शतकाच्या सुरुवातीला केला होता. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग कार्टरटनच्या माणसांचा आहे. ती माणसं तिच्याबद्दल बोलतात ते गावच्या एखाद्या खटपट्या बाईबद्दल बोलावं तसं.

तिच्या खासदारकीतलं एक काम मात्र अर्धं राहिलं. मानवी हक्क कायद्यात लिंगओळखीवरून भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्द घालणारं विधेयक तिने २००४ मध्ये मांडलं होतं. सरकारच्या कायदा अधिकाऱ्याचं मत पडलं की कायद्यातल्या 'लिंग' या आधारात पारलिंगी माणसं येतातच, वेगळं लिहायची गरज नाही. २००६ मध्ये तिने विधेयक मागे घेतलं. सरकारी वकिलाचं मत म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. घरमालक किंवा नोकरी देणारा ते मानेलच असं नाही. मानवी हक्क आयोगाने स्वतंत्र चौकशी केली, जानेवारी २००८ मध्ये अहवाल दिला, आणि भेदभाव घर मिळवण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे असल्याचं त्यात निघालं. जन्मदाखल्यावरचं लिंग न्यायालयात न जाता स्वतःच्या निवेदनाने बदलण्याची सोय २०२१ च्या कायद्याने झाली आणि जून २०२३ मध्ये, ती गेल्यावर तीन महिन्यांनी, लागू झाली. मानवी हक्क कायद्याचे शब्द मात्र तेव्हाही तसेच होते. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या कायदा आयोगाने त्यावर जाहीर चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवली. वीस वर्षांपूर्वी जॉर्जिनाने विचारलेलाच प्रश्न आयोगाने त्यात विचारला होता.